४० तास स्वयंसेवक आणि ३०० रुपयांचं क्राफ्ट : नागपुरातल्या एका वाचनालयाचा अनुभव

वाचनालयाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या एका बाईंशी माझं थोडं वाजलं आणि त्या मला भाजी घेताना दर बुधवारी भेटतात. नागपुरातलं जुनं वाचनालय आहे, सार्वजनिक आहे, एवढं पुरे. पण मैत्रिणींच्या ग्रुपवर तिघीचौघींनी विचारलं की तिथल्या उन्हाळी स्वयंसेवकांच्या बॅचला पोट्ट्यांना पाठवू का, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

मे महिना म्हणजे आमच्याकडे काय ते सांगायला नको. सकाळी दहानंतर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, कूलर दिवसभर घरघरतो आणि त्याच्यासमोर माझी लेक मोबाईल घेऊन आडवी. नववीत गेलीय, सीबीएसईची शाळा, तिथे नववीपासून ते सेवा नावाचं काहीतरी असतं, समाजासाठी काम केलेलं दाखवावं लागतं. आमच्या वेळी कॉन्व्हेंटच्या मुलांना एसयूपीडब्ल्यू नावाचं समाजोपयोगी काम असायचं आणि त्यात ते खडू नाहीतर मेणबत्त्या करायचे, तसंच समजा. तर वाचनालयाच्या फळ्यावर कागद दिसला, ‘१२ ते १७ वयोगटासाठी उन्हाळी स्वयंसेवक, २० दिवस, सकाळी ८ ते १०, सोबत हस्तकला’. सामानाचे ३०० रुपये. मी म्हटलं चल.

फॉर्म भरायला गेलो तर ४० मिनिटं उभं. भिंतीवर रंगनाथनांचे, म्हणजे ग्रंथालयशास्त्रवाल्यांचे, वाचनालयासाठीचे पाच नियम फ्रेम करून लावलेत, १९३१चे, त्यातला चौथा ‘वाचकाचा वेळ वाचवा’ आणि त्याच्या बरोब्बर खाली आमची रांग. लेकीने फोटो काढला. पहिल्याच दिवशी तिला जागा आवडली ती या एका कारणाने असावी असा मला संशय आहे.

२२ मुलं होती. पहिले चार दिवस फक्त कपाटं लावणं, म्हणजे पुस्तक काढायचं, धूळ पुसायची, वर्गांक, म्हणजे पुस्तकाचा विषयवार नंबर, बघायचा आणि क्रमाने परत ठेवायचं. ऐकायला बोअर, पण खरी गंमत इथेच सुरू झाली, कारण जुन्या पुस्तकांवर नंबर देवनागरीत हाताने लिहिलेले आणि आमची सगळी इंग्लिश मीडियमची लेकरं. १ आणि ९ मध्ये फरक कळेना, ५ आणि ६ मध्ये तर अजिबातच नाही. मराठी साहित्याचा ड्युई डेसिमल या वर्गीकरणातला नंबर ८९१.४६ हा माझ्या लेकीला आता झोपेतही सांगता येतो, पण पहिल्या दिवशी तिने दीड कपाट उलटंसुलटं लावलं आणि देवघेवीच्या काउंटरवरचे काका दुसऱ्या दिवशी डोक्याला हात लावून बसले होते. रागावले नाहीत मात्र. कागदावर एक ते शंभर लिहून दिले आणि म्हणाले, बेटा पाठ कर. घरी येऊन ती मला विचारते, आई, एकोणसाठ म्हणजे फिफ्टीनाईन का सिक्स्टीनाईन? १४ वर्षांची पोरगी. मलाच लाज वाटली, दोष तिचा थोडीच आहे.

पण ज्यासाठी मी हे सगळं टाईप करून राहिले ते म्हणजे बाइंडर काका. महाल भागातून यायचे, सायकलवर, वयस्कर माणूस, बोलणं कमी. सहा दिवस आले. आणि मी तुम्हाला सांगते, या माणसासाठी ३०० काय हजार दिले असते.

पहिल्या दिवशी त्यांनी मुलांना काही शिकवलंच नाही, एकेकाच्या हातात वर्तमानपत्राचं पान दिलं आणि म्हणाले फाडा. उभं फाडलं तर सुतासारखं सरळ फाटलं, आडवं फाडलं तर वेडंवाकडं. का? कागदाचे तंतू ज्या दिशेने असतात त्या दिशेने तो सरळ फाटतो आणि त्याच दिशेने नीट दुमडतो. म्हणून पुस्तकाच्या पाठीला समांतर तंतू पाहिजेत, नाहीतर पुस्तक उघडताना कुरकुरतं आणि पानं फुगतात. मी तेव्हा लेकीचा डबा द्यायला गेले होते, दारात उभी राहून ऐकलं, आणि घरी येऊन मीसुद्धा पेपर फाडून बघितला. आमच्या ह्यांनी अजून वाचला नव्हता, ते सोडा.

मग सेलोटेपवरून त्यांनी जे ऐकवलं! वाचनालयात वर्षानुवर्षं फाटलेल्या पानाला सेलोटेप लावायची पद्धत. काकांनी एक पुस्तक उघडून दाखवलं, टेप पिवळी पडून सुटलेली, पण तिचा गोंद कागदात मुरून तपकिरी पट्टा झालेला आणि अक्षरं त्याच्याखाली गेलेली. ‘हे दुरुस्त केलं नाही, हे मारलं’ असं म्हणाले. ऑफिसातल्या बाई शेजारीच उभ्या होत्या.

पानं चिकटवायला मैद्याची खळ. काकांच्या स्वतःच्या खळीत मोरचूद असतं, किडे लागू नयेत म्हणून, पण ते विषारी, म्हणून मुलांसाठी रोज सकाळी साधी ताजी खळ शिजवून आणायचे आणि दहा वाजता उरलेली फेकून द्यायचे कारण मे महिन्यात ती दुपारपर्यंत आंबते. आता इथे एक लोचा झाला जो फक्त नागपुरातच होऊ शकतो. हॉलमध्ये मोठा कूलर, मुलांनी घाम फुटतो म्हणून चिकटवलेली पुस्तकं कूलरच्या समोरच वाळत घातली. दुसऱ्या दिवशी सगळी ओलीच, पानं पापडासारखी वाकडी! कूलरची हवा दमट, त्यात खळ वाळणार कशी. मग पुस्तकं आतल्या खोलीत, जिथे कूलर नाही आणि जिथे भट्टीसारखं तापतं, तिथे जुन्या मासिकांच्या बांधीव खंडांखाली दाबून ठेवली, तेव्हा कुठे सरळ झाली.

शिलाई पण शिकवली, साधी, तीन भोकांची. फर्मा, म्हणजे एकात एक ठेवलेली पानं, दुमडायचा, दाभणाने तीन भोकं, मेण लावलेला दोरा. आतल्या बाजूने मधल्या भोकातून बाहेर, वरच्या भोकातून आत, आतूनच खालपर्यंत लांब टाका, खालच्यातून बाहेर, परत मधल्यातून आत आणि त्या लांब टाक्यावर गाठ. बस. पाच मिनिटांचं काम आहे, घरी रफ वही करायला एकदम भारी, जुन्या वह्यांची कोरी पानं असतातच सगळ्यांकडे. माझ्या लेकीने बाहेरून सुरुवात केली त्यामुळे तिची गाठ पाठीवर बाहेर आली. काका म्हणाले राहू दे, ओळखू येईल कोणी शिवलं ते.

आता क्राफ्ट. मी वाचनालयाला जे तारे देतेय, ते इथे कापले गेलेत.

फळ्यावर जे ‘हस्तकला’ लिहिलं होतं त्यासाठी बाहेरून एक मॅडम आणल्या होत्या आणि क्राफ्टचे पहिले दोन दिवस आईस्क्रीमच्या काड्यांचा पेनस्टँड. वीस-बावीस मुलं, बावीस सारखे पेनस्टँड, वर चमकी, आणि ज्याचा तिरपा झाला त्याचा मॅडमनी स्वतः घेऊन सरळ करून दिला. १६ वर्षांच्या मुलाला पेनस्टँड? तो बिचारा मिशी फुटलेला पोट्टा गुलाबी चमकी लावून बसला होता. तिसऱ्या दिवशी थर्माकोल आला. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८मध्येच बंदी आली हे मी नम्रपणे सांगितलं तर उत्तर आलं, मॅडम, थोडंसंच आहे. इथेच वाजलं ते.

पण चौथ्या दिवशी त्या मॅडम आल्याच नाहीत, कुठे लग्न होतं म्हणे, आणि मुलांचं मुलांनी काहीतरी करा असं ठरलं, आणि मैत्रिणींनो, तो सगळ्यात चांगला दिवस झाला. एका मोठ्या मुलीला एका ए-फोर कागदाची आठ पानांची पुस्तिका करता येत होती, तीनदा दुमडायचा, उघडायचा, मधल्या घडीवर कात्रीने फक्त आतली दोन घरं कापायची आणि ढकलून मिटवायचं, ना गोंद ना पिन. सगळ्यांनी आपापल्या पुस्तिका केल्या. एकाने गल्लीतल्या कुत्र्यांची यादी, स्वभावासकट. एकीने ‘आजीचे न चालणारे सल्ले’. माझ्या कन्येने ‘कूलरमध्ये पाणी भरायची पाळी कोणाची’ असा आठ पानांचा खटला लिहिला, त्यात मी आरोपी. पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवल्यात काउंटरवर, जाल तेव्हा बघा.

आणि मारबत! नागपूरकर पोरांना हाती कागद-काठ्या मिळाल्या की दुसरं काय सुचणार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी-पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, १८८०च्या दशकापासून निघून राहिली, सोबत ज्याचा राग आलाय त्याचा बडग्या, म्हणजे शेवटी जाळायचा पुतळा. पोरांनी मे महिन्यातच काढली. रद्दीच्या कागदाचे तीन बडगे, एक पानाचा कोपरा दुमडणारा, एक पुस्तक नेऊन परत न देणारा, आणि एक उंदीर, कारण आतल्या खोलीत खरंच उंदीर आहेत. बालविभागात मिरवणूक, ‘घेऊन जाय गे मारबत!’ असा आरडाओरडा, वाचनकक्षातले स्पर्धा परीक्षावाले दादा आधी वैतागून बाहेर आले आणि मग त्यातलाच एक पेनने थाळी वाजवायला लागला. जाळता येत नव्हतं म्हणून शेवटी बडगे रद्दीत. परत न देणाऱ्या बडग्याच्या पोटात मुलांनी थकीत पुस्तकांची यादी भरली होती, त्यात माझ्या नवऱ्याचं नाव निघालं. २ पुस्तकं. भरला दंड.

शनिवारी छोट्यांसाठी गोष्टीचा तास असायचा, मोठ्यांनी वाचून दाखवायचं. जवळच्या बांधकामावरच्या मजुरांची मुलंही येऊन बसायची, छत्तीसगडची, बालाघाटकडची, मराठी अर्धवट, आणि त्यांची ‘दीदी’ मराठी वाचताना अडखळणारी, असा सामना. लेक ‘ज्ञ’ला थांबली की समोरची सहा वर्षांची चिमुरडी ‘दीदी, आगे’ म्हणायची. तिसऱ्या शनिवारपर्यंत माझी पोरगी घरी जोरात वाचून सराव करून राहिली होती. शाळेत नऊ वर्षं मराठी विषय आहे, कधी केला नव्हता.

माझी चुलत बहीण अमेरिकेत मेरीलँडला असते, तिच्याकडे हायस्कूल पास व्हायला ७५ तास सेवा लागतेच, तिचा मुलगा पण वाचनालयातच तास भरतो. ती म्हणाली तिथेही पोरं आधी तासासाठीच येतात. चालेल की. येऊ देत तासासाठी, फक्त तिथे पोचल्यावर करायला खरं काम पाहिजे.

कारण खोटं कामही होतं ना इथे. अठराव्या दिवशी कुठल्यातरी पाहुण्यांचा सत्कार, आणि आमच्या स्वयंसेवकांचे दोन्ही तास त्यात गेले. मुलांनी खुर्च्या लावल्या, मुलींना पुष्पगुच्छ घेऊन दारात उभं केलं. काऊन? मुलींना खुर्ची उचलता येत नाही? पाहुणे पाऊण तास उशिरा. भाषणात वाचनसंस्कृती अकरा वेळा आली, लेकीने मोजली. प्रमाणपत्र मिळालं त्यावर तिचं आडनाव चुकलं, बदलून द्यायला तीन चकरा. आणि तिन्ही वेळा साहेब जेवायला गेलेले.

अजून एक, आणि हे आयांनो नीट वाचा. मुलींच्या बाथरूमची कडी तुटलेली आहे. पूर्ण २० दिवस तुटलेलीच. एक आत, एक बाहेर पहाऱ्याला, अशी व्यवस्था मुलींनीच लावली. दोनदा तोंडी सांगितलं, एकदा तक्रारवहीत लिहिलं. पाण्याचा माठ मात्र थंडगार आणि रोज भरलेला, तेवढं खरं सांगायला हवं.

पाठवायचं असेल तर बाटली, जुनी ओढणी धुळीसाठी, ज्यांना धुळीने शिंका येतात त्यांना मास्क. सामान त्यांचं असतं पण कात्र्या बोथट, घरची द्या. मोठ्या मुलांना पेनस्टँडच्या दिवसांना खुशाल दांडी मारू द्या, बाइंडर काकांचा एकही दिवस चुकवू नका, आणि फॉर्म भरतानाच विचारा की ते येणारेत का. ते नसतील तर माझ्याकडून दोनच तारे. आहेत म्हणून साडेतीन.

मागच्या रविवारी आम्ही पुस्तक बदलायला गेलो तर ही सरळ बालविभागात, तिने शिवलेलं पुस्तक काढलं, मागची तारखेची चिठ्ठी बघितली. दोन नवे शिक्के. गाठ बाहेरच. काही बोलली नाही, मोबाईलवर फोटो काढला आणि पुस्तक जागेवर ठेवलं, बरोबर नंबरला.

दिवाळीच्या सुट्टीत परत बॅच घेणार म्हणतात. पाठवणार आहे. पण आधी स्वतः जाऊन कडी बघून येणार, नसेल लागली तर हार्डवेअरवाल्याकडून घेऊन जाते, स्क्रू ड्रायव्हर आहेच घरी.