नियम लिहावेत की केसेस साठवाव्यात? कॉम्प्रेसर सर्व्हिसच्या कामातून

मशीनच्या बिघाडांवर आपल्या माणसांना सल्ला देणारी प्रणाली करायची ठरवली की दोन रस्ते समोर येतात. एक, जाणकाराचं ज्ञान 'असं असेल तर तसं करा' अशा नियमांत उतरवणारी जुनी एक्स्पर्ट सिस्टीम. दुसरा, मागच्या बिघाडांतून आजच्याशी मिळताजुळता शोधून त्याचा उपाय थोडाफार बदलून वापरणारं केस-बेस्ड रीझनिंग, म्हणजे सीबीआर. आमचं काम नागपूरजवळच्या हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीत स्क्रू कॉम्प्रेसरच्या, म्हणजे कारखान्याला दाबाची हवा पुरवणाऱ्या मशीनच्या सर्व्हिसचं. दोन्ही रस्त्यांवर आम्ही काम केलं आहे, त्यामुळे निवड करणाऱ्याला या अनुभवाचा उपयोग होईल असं वाटतं. प्रत्येकाचं काम वेगळं असतं, हे धरूनच वाचावं.

नियमांची बाजू आधी मांडतो, कारण ती कमी नाही. स्टॅनफर्डमध्ये 1970 च्या दशकात झालेल्या मायसिन या एक्स्पर्ट सिस्टीमने रक्तातल्या जंतुसंसर्गावर सुमारे 600 नियमांच्या जोरावर सल्ला देऊन दाखवला होता, आणि तो सल्ला का दिला हेही ते सांगू शकत होतं. नासात तयार झालेलं क्लिप्स हे नियम लिहून चालवायचं सॉफ्टवेअर आजही फुकट मिळतं, त्यात पहिले वीस-तीस नियम लिहिताना हुरूप येतो. सगळं स्पष्ट दिसतं, ऑडिटवाल्याला दाखवता येतं.

आम्हाला नडला तो मे महिना. आमचा नियम साधा होता: डिस्चार्ज टेम्परेचर (बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान) वाढून मशीन ट्रिप झालं, म्हणजे आपोआप बंद पडलं, आणि तेलाची पातळी बरोबर असेल, तर ऑइल कूलर साफ करा. एरवी हे बरोबर चालायचं. पण नागपुरात पारा 45 च्या वर गेला की कूलर लख्ख असलेली मशीनंही ट्रिप होतात, कारण कॉम्प्रेसर रूममधली गरम हवा बाहेर निघत नाही आणि तीच परत आत ओढली जाते. म्हणून दुसरा नियम जोडला: बाहेरचं तापमान 42 च्या वर असेल तर आधी डक्ट आणि एक्झॉस्ट बघा. जास्त अटींच्या नियमाला प्राधान्य, अशी मांडणी होती. मग स्पिनिंग मिलमधलं मशीन मे महिन्यात कूलरच्या फिन्समध्ये रुई बसून बंद पडलं, तरी सल्ला डक्टचाच येणार. त्यासाठी मिलचा तिसरा नियम. त्यामुळे मिलमध्ये थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह (तेलाचं तापमान सांभाळणारा) अडकल्याची केस झाकली गेली. एकेक नियम वाचला तर बरोबर, सगळे एकत्र चालले की गोंधळ. नवा नियम घालणाऱ्याच्या डोक्यात आधीचे सगळे नियम असावे लागतात, आणि असा माणूस रोज ऑफिसात बसून नसतो.

हे दुखणं जुनं आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन 1980 पासून व्हॅक्स संगणकांच्या ऑर्डरीत कोणते भाग लागतील ते जुळवायला एक्सकॉन ही नियमांवर चालणारी प्रणाली वापरत होती. त्यात हजारो नियम झाले, आणि नवं उत्पादन आलं की ते सांभाळायलाच स्वतंत्र माणसं लागायची. एवढ्या मोठ्या कंपनीला ते परवडलं. पाच-सहा फिटरच्या दुकानाला परवडेल असं मला वाटत नाही.

शिवाय आमचे सर्वांत अनुभवी फिटर, ज्यांना सगळे काकाजी म्हणतात, ते नियमांत बोलतच नाहीत. "काकाजी, सेन्सर खराब आहे हे कसं ओळखलं?" असं विचारलं की उत्तर येतं, "तसं नाही सांगता येत जी. मागं कळमेश्वरच्या मशीनवर असंच झालं होतं. पाइपाला हात लावला तर कोमट, अन् डिस्प्लेवर एकशे आठ." ही पुरी केस झाली. लक्षण, परिस्थिती, तपासणी, कारण, सगळं त्यात आहे. नियम करायला गेलं की यातलं निम्मं गळून जातं.

सीबीआरची मुळं येल विद्यापीठात रॉजर शँक यांच्या स्मृतीवरच्या कामात आहेत. शोधा, वापरा, सुधारा, साठवा हे त्याचं चार टप्प्यांचं चक्र आमोट आणि प्लासा या संशोधकांनी 1994 मध्ये मांडलं. मला पटलं ते विमानं बनवणाऱ्या लॉकहीडच्या क्लॅव्हिअर या सीबीआर प्रणालीचं उदाहरण. विमानाचे कंपोझिट भाग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या भट्टीत, कसे रचले की सारखे तापतील, याचं पक्कं गणित कोणाकडे नव्हतं. कामगार आधी जमलेल्या रचनांची चित्रं जपून ठेवत आणि त्यावरून नवी रचना ठरवत. प्रणालीने तेच केलं. मोजक्या रचनांपासून सुरुवात झाली आणि वापरता वापरता साठा वाढत गेला. उष्णता कुठे कशी अडते याचं नेमकं गणित आमच्याकडेही नाही.

आता आमच्याकडे मिलमधून कॉल आला की साठ्यातल्या सर्वांत मिळत्याजुळत्या तीन केसेस समोर येतात. मे असो की डिसेंबर, रुईची केस त्यात असते, आणि डक्टचीही. ठरवायचं काम फिटरचं. नवी केस घातली म्हणून जुनी खोटी ठरत नाही, हा दिलासा मोठा आहे.

त्रास इथेही आहे. केसेस जुळवताना कोणत्या गोष्टीला किती वजन द्यायचं, हे हाताने लावून बघावं लागतं. बाहेरच्या तापमानाला जास्त वजन दिलं तर उन्हाळ्यातल्या सगळ्या केसेस एकसारख्या दिसू लागतात. साठा फुगतो, आणि सरसकट जुनं पुसलं तर एखादा दुर्मीळ बिघाड ज्या एकाच केसमध्ये होता तीच जाते. स्मिथ आणि कीन या संशोधकांनी 1995 मध्ये याचा विचार केला आहे: केस काढण्याआधी तिच्या जागी दुसरी कोणती काम भागवते ते बघा. आणि "ऑइल बदललं, ओके" अशी नोंद असेल तर त्यातून काहीच निघत नाही.

जिथे अपवाद चालतच नाही तिथे मात्र नियमच हवेत. रिसीव्हर टाकीच्या प्रेशरची मर्यादा किंवा वॉरंटीच्या अटी मागच्या अनुभवावर सोडू नयेत. आम्हीही तेवढे मोजके नियम वेगळे ठेवले आहेत. आजकाल बरेच जण सरळ एआयच्या भाषा मॉडेलकडे वळतात. त्यालाही आधी आपल्याच नोंदी शोधून द्याव्या लागतात, म्हणजे केसेस नीट लिहिण्याचं काम काही सुटत नाही.

तुमच्याकडे जाणकार माणूस आहे, बिघाड परत परत येतात पण दर वेळी थोडे वेगळे असतात, आणि नियम सांभाळायला वेगळा माणूस नाही, अशी स्थिती असेल तर मी सीबीआरकडे झुकेन. मायसीबीआर किंवा जेकोलिब्री ही सीबीआरची तयार सॉफ्टवेअर बघा; साध्या शीटमध्ये सुरुवात केली तरी चालेल. फक्त 'काय करून पाहिलं आणि उपयोग झाला नाही' हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा. कूलर साफ करूनही मशीन तापलं, एवढी एक ओळ असली तरी पुढच्या फिटरचं अर्धं उघडझाक वाचतं.