षट्कोनी गोधडी: कागदावर शिवावी की धावदोऱ्यानं?

उशीच्या एका जुन्या अभ्र्याची कड उसवत होते. धुऊन धुऊन कापडाचा निळा रंग पार फिका, दुधाळ झाला होता. तोंडाकडची दुमड उलगडली, तर आतून दोन बोटं रुंदीची गडद निळी पट्टी निघाली, कापड नवं असतानाचीच. जुन्या दोऱ्याची भोकं अजून एका ओळीत तिथंच होती. असं कापड हातात आलं की कात्री लावायला मन धजत नाही, आणि लावली तर त्यातला एकही तुकडा वाया जाऊ नये असं वाटतं.

हातानं षट्कोनी तुकड्यांची गोधडी करायची ठरली की दोन वाटा समोर येतात. एक कागदावरची: प्रत्येक तुकडा कागदी षट्कोनावर घट्ट दुमडून घ्यायचा आणि मग तुकडे काठाकाठानं जोडायचे. दुसरी बिनकागदाची: कापडावर रेघ आखायची आणि त्या रेघेवरून धावदोरा घालत जायचं. मी दोन्ही पद्धतींनी शिवलं आहे. कापड जुनं, मऊ पडलेलं असेल तर माझा कौल कागदाला आहे. नवं, अंगात खळ असलेलं सुती कापड असेल आणि हात आखणीत पक्का असेल, तर धावदोऱ्याला. पण घाई करू नका, कारण हा निर्णय पुढचे कित्येक महिने तुमच्या मांडीवर असणार आहे.

आधी आकडे बघू. षट्कोन मोजतात तो त्याच्या एका बाजूच्या लांबीवर. १ इंची षट्कोन म्हणजे टोकापासून टोकापर्यंत २ इंच आणि सपाट बाजूपासून समोरच्या बाजूपर्यंत साधारण पावणेदोन इंच. ६० बाय ८० इंचांच्या गोधडीला असे जवळपास १८५० तुकडे लागतात. प्रत्येक बाजू दोन तुकड्यांत वाटली जाते, म्हणजे तुकड्यामागे तीन शिवणी धरा. साडेपाच हजार शिवणी, प्रत्येकी एक इंच. एकापुढे एक मांडल्या तर १४० मीटर, आणि ते सगळं हातानं. षट्कोन २ इंची घेतला तर तुकडे ४६० च्या आसपास आणि शिवण ७० मीटर. पहिल्यांदाच करणाऱ्यानं दीड इंची घ्यावा असं मी सांगेन. त्यात तुकडे ८२० लागतात, मधल्या तुकड्याभोवती तुकडे लावून होणारं फूल ओळखू येतं आणि धीर सुटत नाही.

मशीनचा विचार करत असाल तर थोडक्यात सांगते. षट्कोनात दर कोपऱ्यावर तीन तुकडे भेटतात, त्यामुळे प्रत्येक कोपऱ्यावर थांबून, कापड वळवून, पुन्हा सुई टेकवावी लागते. मशीनवर ते होतं, पण सुख होत नाही. हा आकार हाताचाच आहे.

कागदाची वाट

वहीच्या पानापेक्षा थोडा जाड कागद घ्यायचा. त्याचे षट्कोन अगदी काटेकोर कापायचे, कारण सगळी गोधडी त्यांच्या कोपऱ्यांवर उभी राहते. छापील वर्तमानपत्र नको, शाई कापडाला लागते. १ इंची षट्कोनाला अडीच इंची चौकोनी तुकडा पुरतो. कागद मधोमध ठेवून कडा आत दुमडायच्या, कच्च्या टाक्यांनी धरायच्या. तुकडा लहान असेल तर टाके फक्त कोपऱ्यांच्या घड्यांतून घेतले तरी चालतं, कागदातून सुई घालायची गरज पडत नाही. मग दोन तुकडे सुलट्याला सुलटं लावून कडेकडेनं बारीक तिरके टाके घालायचे. सुईनं प्रत्येक घडीचे दोनतीन धागेच उचलायचे, कागदाला टोचायचं नाही. इंचाला पंधरा-सोळा टाके चांगले. एखादा तुकडा सहाही बाजूंनी शेजाऱ्यांनी वेढला गेला की त्याचा कच्चा टाका उसवून कागद काढता येतो. तोच कागद पुढच्या तुकड्याला पुन्हा वापरता येतो.

या पद्धतीत खरा वेळ खातं ते कागदावर चढवणं. एका तुकड्याला दोन मिनिटं धरली तरी १८५० तुकड्यांना साठ तासांहून जास्त लागतात, आणि तोवर एकही शिवण झालेली नसते. काहींना हे ओझं वाटतं. मला ते काम सगळ्यात आवडतं. डोळे थकलेले असले तरी हात चालतात, आणि संध्याकाळी डब्यात तयार तुकड्यांची चळत उंच झालेली दिसते.

कागदाची खरी ताकद उरेबात, म्हणजे तिरप्या कापात कळते. षट्कोनाच्या समोरासमोरच्या दोन बाजू कापडाच्या उभ्या धाग्याला धरून ठेवल्या, तरी उरलेल्या चार बाजू तिरप्या जातात. तिरपी कड ताणली की वाढते. नव्या कापडात हे निभावून जातं. पन्नास-साठ वेळा धुतलेल्या कापडात मात्र खळ राहिलेली नसते, वीण सैलावलेली असते, आणि नुसतं बोटांत धरलं तरी बाजू लांबते. तीन तुकडे जोडेपर्यंत कोपरे एकमेकांना चुकवायला लागतात. आत कागद असला की हा प्रश्नच उरत नाही. कापड कसंही वागो, बाजू कागदाइतकीच राहते.

ही पद्धत किती टिकते याचा पुरावा ब्रिटनमध्ये आहे. तिथल्या क्विल्टर्स गिल्ड या गोधडीकारांच्या संस्थेच्या संग्रहात रेशमी तुकड्यांचं एक पांघरूण आहे, त्यावर १७१८ हे साल घातलेलं आहे. साल घातलेल्या ब्रिटिश तुकडेकामात त्याहून जुनं माहीत नाही. ते कागदावरच शिवलेलं आहे आणि कागद अजून आत आहेत. जुन्या अर्धवट कामांच्या पाठीमागे पत्रांचे, हिशेबाच्या वह्यांचे कापलेले कागद सापडतात. कागदावर तारीख असली, तर शिवण त्याच्या आधीची नाही एवढं तरी नक्की होतं. शिवणीचं वय सांगायला कागद असा मदतीला येतो.

धावदोऱ्याची वाट

इथं कापड कापतानाच चहूबाजूंनी पाव इंच मार्जिन सोडायचं आणि उलट्या बाजूनं शिवणीची रेघ पेन्सिलीनं आखायची. सहाही कोपऱ्यांवर ठिपका द्यायचा. दोन तुकडे सुलट्याला सुलटं लावायचे, ठिपक्यात टाचणी घालायची आणि या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंतच शिवायचं. मार्जिनमध्ये शिवण गेली की पुढचा तुकडा वळतच नाही. सुरुवातीला आणि शेवटी एक उलटी टीप, मध्ये इंचाला आठ-दहा टाके. सुईवर एकदम चार-पाच टाके भरून घेता येतात, म्हणून वेग येतो. आखणीला तुकड्यामागे अर्धं मिनिट धरलं तर सगळ्यांना मिळून पंधरा-सोळा तास. कागदाच्या साठ तासांपुढे हा फरक मोठा आहे.

शिवण सुलट्या बाजूनं दिसत नाही, हा याचा दुसरा गुण. कागदाच्या पद्धतीत टाके घडीवरच असतात, त्यामुळे कापड ताणलं की ते शिडीच्या पायऱ्यांसारखे डोकावतात. कापडाशी जुळणारा बारीक दोरा घेतला तर कमी दिसतात, पण जवळून बघणाऱ्याला दिसतातच. धावदोऱ्यात शिवण आत राहते. इस्त्री करताना तीन तुकड्यांची मार्जिनं एकाच दिशेनं फिरवली की उलट्या बाजूला प्रत्येक कोपऱ्यावर छोटीशी फिरकी तयार होते आणि सांधा सपाट बसतो. मी कितीदा तरी गोधडी उलटी धरून नुसत्या त्या फिरक्या बघत बसले आहे.

मात्र धावदोरा एकदा तुटला की बरीच शिवण मोकळी होते. म्हणून दर पाचव्या टाक्याला मी उलटी टीप घेते. तिरक्या टाक्यांत एखादा तुटला तरी शेजारचे धरून ठेवतात, तेवढीच जागा पुन्हा शिवली की झालं. चुकलं तर उसवणं धावदोऱ्याचं सोपं. बारीक तिरके टाके एकेक करून कापावे लागतात, आणि जुन्या कापडात त्या नादात वीणही तुटते.

अमेरिकेत ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकानं १८३५ मध्ये षट्कोनी तुकड्यांचा नमुना छापला होता. पुढे १९२० आणि ३० च्या दशकांत तिथं याच तुकड्यांच्या फुलांची मोठी लाट आली. मधला एक तुकडा, त्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा, असं एकोणीस तुकड्यांचं फूल. मंदीच्या दिवसांत पिठाच्या आणि धान्याच्या छापील सुती पोत्यांचं कापडही गोधड्यांत गेलं. पोत्यांची शिवण साखळी टाक्याची असे, योग्य टोक ओढलं की सरसर उसवत जाई. तिच्या भोकांची रांग काही जुन्या तुकड्यांवर अजून दिसते.

जुनं कापड निवडताना

पद्धतीपेक्षाही जास्त चुका इथं होतात. जुनी चादर मध्यभागी विरते, अभ्रा डोकं टेकतं तिथं विरतो. कापड उजेडापुढे धरा. वीण एकसारखी दिसली तर ठीक. मध्ये ढगासारखा पातळ डाग उजळला तर तो भाग सोडा. मग दोन्ही हातांनी उभं आणि आडवं हलकेच ताणून बघा. चर्र आवाज आला तर ते कापड गोधडीत जाऊ नये, कितीही जीव जडलेला असला तरी. थोडं पातळ पण आवडीचं असेल तर मागे बारीक मलमल लावून दोन्ही मिळून एक तुकडा धरा. कागदावर हे सहज जमतं. धावदोऱ्यात मात्र दुहेरी मार्जिनांमुळे सांधा जाड होतो.

जुन्या छापील सुती कापडात तपकिरी आणि काळ्या रंगाच्या नक्षीवर विशेष लक्ष ठेवा. हे रंग पूर्वी लोहाच्या क्षारांनी पक्के करत. तेच लोह वर्षानुवर्षं धागा खात राहतं. बाकी कापड ठणठणीत असताना नक्षीतली तेवढीच फुलं झडून गेलेली दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं वजनदार रेशीमही असंच फसवतं. त्याला वजन यावं म्हणून धातूंचे क्षार दिलेले असत, आणि ते घड्यांवर चिरत जातं. अशा रेशमाला धुण्याचा किंवा शिवण्याचा ताण देऊ नका. ते आहे तसं आम्लविरहित कागदात ठेवा, मधूनमधून घडी बदला, प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका.

सूत आणि पॉलिस्टरची सरमिसळ असलेलं कापड घडी नीट धरत नाही, कागदावर चढवलं तरी फुगतं. संशय आला तर दोन धागे काढून जाळून बघा. सूत कागदासारखं जळतं, राख मऊ पडते. पॉलिस्टरचा कडक मणी होतो.

भरतकाम केलेला रुमाल किंवा टेबलक्लॉथ असेल आणि तो अजून धडधाकट असेल, तर मी तो कापणार नाही. ज्या हातांनी तो भरला त्यांनी तो पूर्ण म्हणून भरला होता. फाटलेला, डागाळलेला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा पुठ्ठ्यात षट्कोनी खिडकी कापून ती कापडावर फिरवा. भरलेलं फूल खिडकीत मधोमध आलं की तिथंच आखा. कागदावरच्या पद्धतीला इथं आणखी एक फायदा आहे. षट्कोनी तुकडे जोडून केलेल्या फुलाच्या बाहेरच्या कडा आधीच दुमडलेल्या असतात, त्यामुळे ते तसंच उचलून चादरीच्या फाटलेल्या जागेवर ठिगळ म्हणून बसवता येतं. धावदोऱ्याच्या फुलाच्या कडा कच्च्या राहतात, त्या नंतर दुमडायला लागतात.

सुई-दोऱ्याचं फार वाढवत नाही. बारीक सुती दोरा, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत येईल एवढाच लांब. त्याहून लांब घेतला तर सुईच्या नेढ्याशी घासून विरतो. सुई लांब आणि बारीक, मधल्या बोटाला अंगुस्तान.

कमी साधनांत हे काम किती दूर जाऊ शकतं ते आठवलं की मी कापडाची तक्रार करत नाही. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी तुरुंगात जपान्यांनी ठेवलेल्या नागरिकांमध्ये गर्ल गाइडच्या काही मुली होत्या. १९४३ मध्ये त्यांनी आपल्या बाईंच्या वाढदिवसासाठी मिळतील त्या कापडाच्या चिंध्यांतून षट्कोनी फुलांची गोधडी शिवायला घेतली आणि त्यावर स्वतःची नावं भरली. ती आता लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमकडे आहे.

तरीही मन ठरत नसेल तर एकाच अभ्र्यातून दोन फुलं करा, एकोणीस तुकड्यांचं एक कागदावर आणि एक धावदोऱ्यानं. १८ बाय २८ इंचांच्या अभ्र्याच्या दोन्ही अंगांतून अडीच इंची १५४ चौकोन निघतात, विरलेला मधला भाग सोडूनही दोन फुलांना भरपूर. दोन्ही फुलं धुवा, वाळवा, आणि मग उलटी करून शेजारी ठेवा. कुठलं सपाट राहिलं, कुठलं आकसलं, कुठं कोपरा उघडला ते दिसेल. त्याहीपेक्षा, कुठलं शिवताना खांदे सैल होते ते आठवा.

त्या निळ्या अभ्र्याचं मी कागदावरच केलं. आतली गडद पट्टी दीड इंच रुंद होती, म्हणजे तिच्यातून अर्ध्या इंची षट्कोनच निघणार होते. एवढ्या लहान तुकड्यावर धावदोऱ्याची आखणी बोटांखाली दिसतसुद्धा नाही. तोंडाचा घेर ३६ इंच होता, त्यातून चोवीस तुकडे निघाले. एकोणिसांचं एक फूल झालं, तळहातावर मावेल एवढं. पाच उरलेत, ते अजून कागदावरच आहेत.