म्युनिक: आम्ट्सगेरिश्ट की लांडगेरिश्ट?
आम्ट्सगेरिश्ट म्हणजे जर्मनीतलं सर्वांत खालचं, स्थानिक न्यायालय; लांडगेरिश्ट त्याच्या वरचं, प्रादेशिक. दोन्ही न्यायालयांची घडण १ ऑक्टोबर १८७९ला लागू झालेल्या एकाच कायद्यातली, पण सामान्य माणसाची गाठ पडते ती आम्ट्सगेरिश्टशी. राहत्या घराच्या भाड्याचा वाद, मग रक्कम कितीही असो, इथेच. घटस्फोट, मुलांचा ताबा, जमिनीची नोंदवहीही इथेच. घरमालकाने डिपॉझिट अडवून ठेवलं तर वकिलाशिवाय स्वतः दावा लावता येतो. लांडगेरिश्टमध्ये वकील हवाच, आणि खिशाला चाट बसते ती तिथे. फौजदारीत आम्ट्सगेरिश्ट चार वर्षांपर्यंतच कैद देऊ शकतं; खुनाचा खटला लांडगेरिश्टकडे. भाड्याच्या निकालावरचं अपीलही तिकडेच; कौटुंबिक अपील मात्र त्याला वगळून थेट वरच्या न्यायालयात. थाटात मात्र लांडगेरिश्टच सरस: १८९७ला पूर्ण झालेला, काचेच्या घुमटाचा न्यायमहाल!