जुनं जीपीएस यंत्र आणि आमची शीव

आपण कुठं उभे आहोत ते आकड्यात सांगणारं, हातात धरायचं हे जीपीएस यंत्र घेऊन दोन उन्हाळे झाले. ग्रामसभेनं तेंदूपत्त्याच्या पैशातून साडेसहा हजाराला घेतलं, तेही वापरलेलं. गडचिरोलीच्या कोरची तालुक्यातल्या आमच्या गावाला सामूहिक वनहक्काचा, म्हणजे गावाच्या जंगलावर साऱ्या गावाच्या हक्काचा दावा टाकायचा होता आणि वनहक्क समितीची सचिव मी. म्हणून यंत्र माझ्याच घरी, डाळीच्या डब्यात. पोरं हात लावत नाहीत अशी तेवढीच एक जागा.

पहिले चांगलं सांगते. याला मोबाइलचा टॉवर लागत नाही. अर्ध्या गावाला वाटायचं, रेंजच नाही तर हे काय चालणार! सिग्नल वरून, उपग्रहाकडून येतो. दोन पेन्सिल सेलवर सकाळपासून दुपार कलेपर्यंत चालतं. एकदा माझ्या हातून नाल्यात पडलं, पदरानं पुसलं, चालू. त्याआधी मोबाइलवर फुकटचं ॲप टाकून पाहिलं होतं. उन्हात पडदा दिसत नव्हता आणि बारा वाजताच बॅटरी बसली.

आता खोट. मोकळ्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, चार-पाच मीटरचा फरक येतो, तो चालतो. पण बांबूच्या रांजीत, म्हणजे दाट बेटात शिरलं की आकडा नाचायला लागतो, वीस-वीस मीटर इकडचं तिकडं. श्रावणात मोजाल तर तुमची शीव शेजारच्या गावात जाऊन बसेल आणि भांडण फुकटचं. मोजणी मे महिन्यात करा, तेंदूचा हंगाम संपला की. तेव्हा सागाला पान नसतं. सोबत आलेल्या इंग्रजी पुस्तिकेत हे नाही, आम्ही दोनदा चालून शिकलो.

दुसरी खोट मोठी. नावं इंग्रजी अक्षरातच टाकावी लागतात. मसणवट, बोडी म्हणजे लहान तळं, कांदे खणायची जागा हे मी काय म्हणून लिहू? शेवटी यंत्रात नुसते आकडे टाकले, नावं वहीत. ४१ जागा झाल्या.

त्यातली पहिली जागा कशी आली ते ऐका. आम्ही वनखात्याचे मुनारे, म्हणजे हद्दीचे दगड धरून निघालो होतो. तिसऱ्या मुनाऱ्यापाशी काकाजी खालीच बसले. सत्तरीच्या पुढचे, गावचे भूमिया, म्हणजे जुन्या रीतीचे पुजारी. म्हणाले, "हा दगड माह्या लग्नानंतरचा हाय, बाई. शीव त्या येनाच्या झाडाखालून जाते." काठीनं गवत बाजूला केलं, तर बुंध्याशी तीन दगड, शेंदूर उडालेला, बाजूला मातीचा फुटका दिवा. मी बटण दाबलं. पुढं ते चालत होते आणि मी मागून दाबत होते. यंत्र आपण चालू तेवढंच लिहून घेतं, कुठून चालायचं ते त्याला विचारू नका.

दावा द्यायला गेलो त्या कार्यालयातल्या बाबूनं नकाशा पाहून मान डोलावली. शीव कुठून जाते ते काकाजींनी सांगितलेलं लिहून दाव्याला जोडलं होतं, त्या निवेदनाचं पान त्यानं उलटलंसुद्धा नाही. मी पिशवीतून नियमाचं पुस्तक काढलं. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या सुरुवातीलाच, जंगलात राहणाऱ्यांवर झालेल्या अन्यायासाठी 'ऐतिहासिक अन्याय' हे शब्द आहेत. २००८ च्या नियम १३ मध्ये वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन पुरावा धरलंय. आणि २०१२ च्या दुरुस्तीनं सांगितलं की उपग्रहाचं चित्र वगैरे तंत्र बाकी पुराव्याला जोड म्हणून घ्यावं, त्याच्या जागी नाही. "ठेवा ना बाई, वाचू," म्हणाला. मी पोच घेतल्याशिवाय उठले नाही.

माझी पुतणी नागपुरात वकिली शिकते. ती सांगते, कॅनडात गित्सान आणि वेत्सुवेतेन या आदिवासी लोकांनी आपल्या मुलखाचा दावा लावला, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्यांनी कोर्टात पूर्वजांच्या गोष्टी सांगितल्या, गाणंही म्हटलं. १९९१ मध्ये खालच्या न्यायाधीशानं त्याला फारसं मोजलं नाही. १९९७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, तोंडी इतिहासालाही पुरावा म्हणून वजन द्या, आणि खटला नव्यानं चालवायला सांगितलं. काकाजींना हे सांगितलं तर विचारतात, "त्यायच्याकडंबी बाबू रायते का?"

घ्यायचं असेल तर जुनंच घ्या, नव्याला उगाच जास्त पैसे जातात. सेल मात्र चांगले घ्या, स्वस्तातले दुपारीच दगा देतात. पाचपैकी साडेतीन. अर्धा देवनागरी नाही म्हणून कापला, एक रांजीतल्या नाचापायी. दावा अजून तो तपासणाऱ्या उपविभागीय समितीकडंच आहे. यंत्र मागच्या आठवड्यात शेजारच्या गावानं मागून नेलं, डाळीच्या डब्यासकट. डबा परत द्या म्हणून निरोप धाडलाय.