मुलीच्या ताब्याचा अर्ज : शिवाजीनगरमधील एका वकिली कार्यालयाचा अनुभव

मुलीची आई घर सोडून गेली तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. पुढची सहा वर्षे भेट नाही, फोन नाही. मग एके दिवशी शाळेत अचानक फोन आला, ‘मी तिची आई बोलते आहे, तिला न्यायला येणार आहे,’ आणि शाळेने माझ्याकडे न्यायालयाचा आदेश मागितला. त्या कामासाठी पुण्यातील कुटुंब न्यायालयाजवळच्या ज्या कार्यालयात मी गेलो, त्याविषयी हे लिहीत आहे.

त्याआधी मी दुसऱ्या एका वकिलांकडे गेलो होतो. आईचा केवळ जुना ठाण्याचा पत्ता द्यायचा, समन्स परत आले की एकतर्फी आदेश, म्हणजे समोरच्या बाजूला न ऐकता दिलेला आदेश, घ्यायचा, काम तीन महिन्यांत संपेल, असे त्यांचे म्हणणे होते. मुलीचे मामा मिरजेत राहतात हे मी सांगितले, तेव्हा ते अर्जात लिहूच नका, असा सल्ला मिळाला.

या कार्यालयातील वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत नेमके उलटे सांगितले. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार वडील नैसर्गिक पालक असतातच, मात्र ताब्याचा निर्णय मुलाच्या हितावर होतो, वडिलांच्या हक्कावर नव्हे. आणि पत्ता लपवून मिळवलेला एकतर्फी आदेश आई उद्या येऊन रद्द करून घेऊ शकते, हे त्यांनी सोप्या मराठीत समजावले. कुटुंब न्यायालयात वकील हा पक्षकाराचा हक्क नसून न्यायालयाच्या परवानगीने मिळणारी सोय आहे, हेही त्यांनी आपण होऊन सांगितले. स्वतःच्या धंद्याविरुद्ध जाणारी गोष्ट सांगणारा वकील मला तरी प्रथमच भेटला.

अर्जात ठाणे आणि मिरज असे दोन्ही पत्ते दिले. ठाण्याचे समन्स ‘सदर पत्त्यावर राहत नाही’ अशा शेऱ्यासह परत आले, मिरजेहूनही काही हाती लागले नाही, तेव्हा न्यायालयाच्या परवानगीने वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागली. या सगळ्यात वेळ गेला. पण त्यातील प्रत्येक कागद पुढे पुरावा म्हणून कामी आला. माझ्या शपथपत्राच्या कच्च्या मसुद्यातील ‘निर्दयी’, ‘बेजबाबदार’ हे शब्द बाईंनी लाल शाईने खोडले आणि त्या जागी शाळेच्या फीच्या पावत्या, लसीकरणाचे कार्ड आणि पालकसभांची नोंद जोडायला लावली. तेव्हा मला राग आला होता. समुपदेशकांच्या भेटीआधी आणि न्यायाधीशांनी मुलीशी स्वतंत्रपणे बोलण्याआधी ‘तिला काहीही पढवू नका’ अशी सक्त ताकीद होती, आणि ती मी पाळली.

त्रुटीही आहेत. पंचेचाळीस हजार रुपये फी ठरली, त्यात जाहीर नोटिशीचा खर्च धरलेला नव्हता आणि ते आधी सांगितले गेले नाही. निम्म्या तारखांना कनिष्ठ वकील आले. त्यांपैकी एकाला मुलीचे नावही ठाऊक नव्हते. दुपारनंतर फोन उचलला जात नाही. अर्जाचा पहिला मसुदा इंग्रजीत होता. मराठीत मागितल्यावर लगेच मिळाला, पण मागावा लागला.

चौदा महिन्यांनी ताबा माझ्याकडे देणारा आदेश झाला. त्यात आईला भेटीसाठी अर्ज करण्याची मुभा ठेवलेली आहे, आणि परिस्थिती बदलल्यास ताब्याचा आदेशही बदलू शकतो. ती मुभा अन्यायाची नाही, हे मला पटवायला बाईंनी अर्धा तास दिला आणि त्याची फी घेतली नाही. आदेशाची प्रमाणित प्रत मात्र नक्कल विभागात दोन खेपा घालून मलाच काढावी लागली. ते काम या कार्यालयाच्या फीमध्ये धरलेले नसते, हे जाणाऱ्यांनी आधीच विचारून घ्यावे.