मिलीबग: स्पिरिट, साबण-नीम की मित्रकीटक? झाड कुठे आहे त्यावर ठरवा

जास्वंदीच्या शेंड्यांना कापूस चिकटल्यासारखं दिसतंय, काय मारू, असं कोणी विचारलं की मी आधी विचारते झाड घरात आहे की बाहेर, कारण घरात त्या किडीला खाणारं कोणीच येत नाही आणि बाहेर येतं, सगळा फरक तिथेच आहे.

त्याआधी मिलीबगच आहे ना ते बघून घ्या. भुरी, म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग, असेल तर पानावर पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं आणि बोटाने पुसलं जातं, पांढरी माशी असेल तर फांदी हलवली की उडते. मिलीबग, म्हणजे शेतकरी ज्याला पिठ्या ढेकूण म्हणतात तो, देठाच्या बेचक्यात घट्ट बसून असतो, चिरडला की चिकट रस निघतो, खालची पानं चिकचिकीत होतात, त्यावर काळी काजळी धरते आणि मुंग्यांची रांग लागलेली असते.

हॉलमधल्या चार-पाच कुंड्या असतील तर माझं मत सरळ स्पिरिटला. ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मेडिकलमध्ये मिळतं, इअरबड त्यात बुडवून एकेक कीड टिपायची, तिच्या अंगावरचं मेण विरघळतं आणि ती मरते. वेळ जातो हे खरं, पण घरात विषारी फवारा मारावा लागत नाही. आधी एका पानावर लावून दोन दिवस बघा, फर्नसारखी नाजूक पानं जळू शकतात.

गच्चीवरच्या पाच फुटी जास्वंदीला इअरबड घेऊन बसलात तर मात्र दिवस पुरणार नाही. तिथे आधी पाइपाने जोरात पाणी मारून कीड पाडायची, जास्त लागण झालेले शेंडे छाटायचे, मग संध्याकाळी एक लिटर पाण्यात ५ मिली नीम ऑइल आणि थोडा लिक्विड सोप नीट घुसळून पानांच्या खालून फवारायचं. दुपारच्या उन्हात अजिबात नको, पानं करपतात. हे स्पिरिटइतकं पटकन लागू पडत नाही, कारण मेणावरून पाणी ओघळून जातं आणि अंडी कापसाच्या पिशवीत सुरक्षित राहतात. मादी शेकड्यांनी अंडी घालते, म्हणून कुठलाही उपाय निवडा, दर ७ दिवसांनी तीन-चार वेळा करावाच लागतो, एकदा मारून सोडलं की महिन्याभरात परत तेच.

व्हर्टिसिलियम, म्हणजे मिलीबगला रोग लावणारी बुरशी, कृषी सेवा केंद्रात मिळते आणि पावसाळ्यात छान चालते, पण तिला दमट हवा लागते आणि मिलीबग वाढतो मार्च ते मे, कोरड्या उन्हाळ्यात, त्यामुळे ऐन गरजेच्या वेळी ती लंगडी पडते.

बाहेरच्या झाडांसाठी मला सगळ्यात जास्त भरवसा मित्रकीटकांचा, म्हणजे किडीचा फडशा पाडणाऱ्या किड्यांचा, वाटतो. पपईवरचा मिलीबग २००८ मध्ये कोइंबतूरला दिसला आणि भराभर पसरला, शेवटी २०१० मध्ये पोर्तो रिकोहून आणलेल्या एका बारीक गांधीलमाशीने तो आटोक्यात आणला. आपल्याकडे द्राक्ष आणि सीताफळाच्या बागेत क्रिप्टोलेमस नावाचा ढालकिडा सोडतात. त्याची अळी हुबेहूब मोठ्या मिलीबगसारखी दिसते, पांढरे लांब धागे असलेली, आणि मी माहीत नसताना अशा कितीतरी अळ्या चिरडल्यात, त्याचं अजून वाईट वाटतं. ओळख एवढीच की ती भराभर चालते, मिलीबग जवळजवळ हलत नाही. अशी अळी दिसली तर फवारणी थांबवा आणि मुंग्या आधी अडवा, कारण गोड चिकट रसासाठी मुंग्याच या मित्रांना हाकलून लावतात. कुंडीच्या स्टँडच्या पायांना ग्रीस लावलं तरी भागतं.

इमिडाक्लोप्रिडसारखं अंतर्प्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं, औषध बाहेर फुलणाऱ्या झाडाला मी सुचवणार नाही, मधमाश्यांना घातक आहे, आणि तुळस, कढीपत्ता, मिरचीला तर मुळीच नाही.

झाड उगाच सुकतंय आणि वर काहीच दिसत नसेल तर कुंडीतून काढून मुळं बघा. मुळांवर पांढरा कापूस असेल तर माती टाकून द्या, मुळं धुवा आणि नव्या मातीत लावा. छाटलेले शेंडे कंपोस्टमध्ये टाकू नका, पिशवीत घट्ट गाठ मारून कचऱ्यात द्या.