मॅटप्लॉटलिब: चांगली आहे, पण मराठी लेबल टाकून बघा

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत ग्राफ काढायचा तर मॅटप्लॉटलिब हीच लायब्ररी (तयार कोडचा संच) घ्या, माझं मत पक्कं आहे. जॉन हंटर या न्यूरोबायोलॉजिस्टने एपिलेप्सीच्या पेशंटच्या मेंदूतले सिग्नल बघायला हे बनवलं, २००३ पासून आहे, फुकट आहे, आणि ग्राफ थेट छापायला देता येईल इतका स्वच्छ निघतो. पण काही बिघडलं की ही लायब्ररी किती साथ देते, ते सांगतो.

जी एरर समोर येऊन बोलते तिचा त्रास नाही. एक्स आणि वायची लांबी जुळत नसेल तर दोन्हींचे शेप (कशात किती आकडे आहेत ते) छापूनच देते, (१२,) आणि (११,) दिसलं की कुठे एक आकडा गळालाय ते लगेच कळतं.

त्रास गप्प चुकांचा. सीएसव्हीमधून (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या डेटाची फाइल) आकडे स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, म्हणून आले तर एरर येतच नाही, प्रत्येक आकडा कॅटेगरी धरला जातो आणि फाइलमधल्या क्रमाने अ‍ॅक्सिसवर बसतो, १०० च्या वर २०, त्याच्या वर ५५, आणि रेष मात्र मस्त सरळ चढत जाते!! मीटिंगमध्ये बघणाऱ्याला वाटणार सेल वाढतोय. म्हणून ग्राफ काढण्याआधी डीटाइप (डेटा कुठल्या प्रकारचा आहे ते) बघाच, ऑब्जेक्ट किंवा स्ट्रिंग दिसलं तर पांडास या डेटा हाताळायच्या लायब्ररीचं टू_न्यूमेरिक लावा, ते मजकुराचे आकडे करतं. सेव्ह केलेली फाइल कोरी पांढरी येत असेल तर शो (ग्राफ स्क्रीनवर दाखवणारी कमांड) च्या आधी सेव्हफिग (फाइल सेव्ह करणारी) लिहा, बास.

आता खरा मुद्दा, देवनागरी. सोबत येणारा डेजावू सान्स फॉन्ट देवनागरी ओळखत नाही, 'ग्लिफ २३५० मिसिंग' अशी वॉर्निंग येते (ग्लिफ म्हणजे फॉन्टमधलं अक्षराचं चित्र, २३५० म्हणजे आपला म) आणि लेबलच्या जागी चौकोन. नोटो सान्स देवनागरी लावला की चौकोन जातात, वॉर्निंग पण जाते, आणि सगळ्यांना वाटतं झालं काम. नीट वाचा. ३.१० पर्यंतच्या व्हर्जनमध्ये अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवली जातात, त्यामुळे 'जिल्हा' मधली वेलांटी ज च्या उजवीकडे जाते आणि ल्हा तुटतो. शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या रिपोर्टमध्ये असं छापून जाणं मला अजिबात पटत नाही, आपली भाषा वाचणारी माणसं आहेत ती.

उपाय आहेत. एमपीएलकैरो हा बॅकएंड (ग्राफ प्रत्यक्ष काढणारा भाग) रक्म ही अक्षरं जुळवणारी लायब्ररी वापरून जोडाक्षरं बरोबर लावतो. नाहीतर एसव्हीजी डॉट फॉन्टटाइप ही सेटिंग 'नन' करून एसव्हीजी (ब्राउझरमध्ये उघडणारी चित्राची फाइल) सेव्ह करा, मग लेबल टेक्स्ट म्हणूनच राहतं आणि ब्राउझर ते व्यवस्थित दाखवतो, फक्त बघणाऱ्याच्या मशीनवर देवनागरी फॉन्ट हवा.

५ पैकी ४ स्टार. कापलेला एक जिल्ह्याच्या वेलांटीसाठी.